हजार वर्षांचे वैर, असे म्हणणाऱ्यांना

जानेवारी २०२४मध्ये मीरारोडच्या नयानगरात दगडफेक झाली आणि नवघरच्या नाक्यांवर मुसलमानांविषयीचे जुनेच वाक्य नव्या जोमाने फिरू लागले: यांचे-आपले वैर हजार वर्षांचे आहे. दगड ज्याने मारला त्याला कोर्टात उभे करा, त्याबद्दल दुमत नाही. पण हे वाक्य खोटे आहे.

मीरारोडहून याच पश्चिम रेल्वेने वाणगावला उतरले की पुढे चिंचणी. तिथे सापडलेला ताम्रपट शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा आहे, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्यात म्हटल्याप्रमाणे संजाणच्या मंडळाचा, म्हणजे प्रांताचा, कारभार तेव्हा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब मुसलमान, पाहत होता. राष्ट्रकूटांनीच त्याला तिथे नेमला होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, तिथे वाटसरूंना साळीचा भात आणि तूप मिळे. त्याच्याच अधिकारात, राजाच्या अनुमतीने, देवीच्या मठाला जमीन मिळाली.

कोणी म्हणेल, अरबांनी ७१२मध्येच सिंध जिंकला होता. जिंकला होताच. राष्ट्रकूटांना ते ठाऊक नव्हते काय? तरीही त्यांनी आपला किनारा एका अरबाच्या हाती दिला, कारण सिंध जिंकणारा वेगळा आणि हा वेगळा, एवढे त्यांना कळत होते.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही माझे भांडण आहे. इतिहासात सगळा भाईचाराच होता असे ते सांगतात, तेव्हा तुळजापूरला अफझलखानाने केलेला विध्वंस आणि औरंगजेबाने १६७९मध्ये पुन्हा बसवलेला जिझिया कुठे जातो? अशी जखम नाकारली की समोरचा माणूस तुमचे खरेही ऐकेनासा होतो. ते अन्याय होते, आणि करणाऱ्यांच्या नावानिशीच सांगितले पाहिजेत. त्यांचा जाब मात्र आज मीरारोडला दुकान चालवणाऱ्याला विचारता येत नाही.

शिवाय त्या काळच्या लढायांतल्या फळ्याही धर्माप्रमाणे पडल्या नव्हत्या. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर, तर शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान. लढायांबाहेर पाहावे तर श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ वारकऱ्यांनी आपला मानला. आणि १७६१ला पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांचा तोफखाना लढवत होता. जखमी होऊन हाती लागल्यावर अब्दालीच्या लोकांनी त्याला ठार केले. या गारद्याला कोणत्या बाजूला बसवायचे, ते वैरवाल्यांनी आधी सांगावे.