गादीचा वाद, आरमाराचा कौल

ताम्हिणी उतरून अलिबागला जाणारे आपण मुळशीकर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जातो. त्याच किल्ल्यातल्या आंग्र्यांच्या आरमाराने एके काळी छत्रपतींच्या गादीचा प्रश्न आपल्या घाटमाथ्यावर आणून ठेवला होता. या अंकाचा विषय तोच आहे.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि महाराणी ताराबाईंशी वारसाहक्काचे युद्ध पेटले. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याजवळ बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवले. आमच्या मते गादीचा निकाल लावण्यात या तहाचा वाटा कुठल्याही लढाईहून कमी नाही. कान्होजींच्या मागे मात्र संभाजी आणि मानाजी हे त्यांचे पुत्रच वारशासाठी एकमेकांवर उठले. १७४० मध्ये त्या भांडणात इंग्रजांची जहाजेही उतरली.

समुद्राचा हा इतिहास आम्ही घनगड, कोरीगडाच्या बाजूने, घाटवाटांवरून पाहिला आहे. तुमच्या घरी त्या काळाचे मोडी कागद असतील, वाडवडिलांकडून ऐकलेल्या हकिकती असतील, तर जरूर लिहून पाठवा. मतभेदही कळवा, पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.