स्वत्व कोठे सापडते?

रविवारी सकाळी मरोळ नाक्यावर मेट्रोच्या जिन्याजवळ एक तरुण पत्रके वाटत उभा होता. त्याने माझ्याही हातात एक ठेवले. अशा पत्रकांत काय असते हे ठाऊक असल्याच्या समजुतीने मी ते घडी करून खिशात घातले आणि घरी आल्यावर वाचले. त्यात नरकाची भीती नव्हती, रोगमुक्तीचे आमिष नव्हते, आपल्या एकाही देवतेची निंदा नव्हती. वर ठळक अक्षरांत एकच प्रश्न होता : ‘तू कोण आहेस?’ खालच्या चार ओळींचा आशय असा, की जगाने तुला कवडीमोल ठरविले असले, तरी प्रभूच्या लेखी तू अमूल्य आहेस. तुझी खरी ओळख त्याच्या ठायी आहे. तेव्हा मागचे सारे मागे टाकून ये.

आमिष आणि फसवणूक यांच्याविरुद्ध बोलायचे असेल, तर आपल्यापाशी युक्तिवादांची कमतरता नाही. 1956चा नियोगी समितीचा अहवाल आहे. प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1977चा स्टॅनिस्लॉस निकाल आहे. पण ‘तू कोण आहेस?’ या प्रश्नावर अहवाल आणि निकाल काय उत्तर देणार? तो प्रश्न कायद्याचा नाही, मनाचा आहे. आणि तो ज्याला विचारला जातो, त्याला आपण आजवर काय उत्तर दिले, हे आधी पाहिले पाहिजे.

एक कप आणि एक खुर्ची

आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या एक बाई होत्या. मराठवाड्यातून आलेले कुटुंब, डोंगरउताराच्या वस्तीत एका खोलीचा संसार. एके दिवशी त्यांच्या गळ्यात क्रूस दिसला. घरातील देव्हारा रिकामा झाला होता. सासूबाईंनी गावाहून आणलेला खंडोबाचा टाकही काढला होता. प्रार्थनेला घेऊन जाणाऱ्या मंडळींनी तसेच सांगितले होते. पत्नीने कळवळून विचारले, “अहो, तुम्हांला तिथे मिळाले तरी काय?” बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, पैसा नाही मिळाला. तिथं मला ताई म्हणतात. बसायला खुर्ची देतात.”

आमच्या स्वयंपाकघरात त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला. त्या जमिनीवर बसून चहा पीत. आठ वर्षांत हे कोणालाही खटकले नव्हते. मलाही नाही. मी व्याख्यानांतून समरसतेवर बोलत होतो आणि तो कप त्याच घरातील मोरीशेजारच्या फळीवर पालथा पडलेला होता.

हा प्रसंग मी धर्मांतराच्या समर्थनार्थ सांगत नाही. त्या दिवशी खुर्ची देणाऱ्यांनी बरोबरच देव्हारा रिकामा करून घेतला, ही गोष्ट मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही. परंतु ज्याने खुर्ची दिलीच नाही, त्याला खुर्चीची किंमत कोणी किती लावली हे विचारण्याचा अधिकार उरतो काय?

मरोळचे गावठाण काय सांगते?

आता पत्रकातील दाव्याकडे वळू. खरी ओळख आणि खरा आत्मसन्मान मागचे टाकल्यावरच मिळतो, असा तो दावा आहे. तो तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मरोळचे गावठाण पुरेसे आहे.

कोंडिविटे परिसरात, आजच्या सीप्झच्या कुंपणाच्या आत, एका चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते 1579मध्ये बांधले. 1840च्या सुमारास साथीमुळे तेथील वस्ती हलली आणि सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचे चर्च मरोळला आले. साष्टीतील ज्या कोळी, कुणबी, भंडारी कुटुंबांनी त्या काळात ख्रिस्ती धर्म घेतला, त्यांचे वंशज आजही येथे आहेत. पोर्तुगीज राजवटीतील ती धर्मांतरे कोणत्या वातावरणात झाली, हे इतिहास जाणणाऱ्यांना सांगावयास नको. पण पुढे काय झाले ते पाहा. या कुटुंबांची बोली मराठीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी घुमटाच्या तालावर विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल राहिली. लुगडे राहिले. ऑक्टोबरात भाताच्या पहिल्या लोंब्या देवापुढे ठेवण्याचा ‘आगेरा’ राहिला. चार शतके उलटूनही या मंडळींच्या सुखदुःखाला जी वस्तू आधार देते, ती गाव, विहीर, शेत आणि बोली ही आहे. म्हणजे पत्रक जे टाकून द्यावयास सांगते, तेच या जुन्या ख्रिस्ती समाजाने जिवापाड जपले, आणि त्यातूनच त्यांना आपण कोण हे कळले.

आणि नाव? या समाजाला आपण ‘ईस्ट इंडियन’ म्हणतो. हे नाव ना येशूने दिले, ना या मातीने. गोवा आणि मंगळूरकडून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत, आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा आहोत, हे राज्यकर्त्यांना पटवून नोकऱ्यांत स्थान मिळवावे, या हेतूने ते स्वीकारले गेले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता 1887 साली. त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आठवणीने ते नाव घेतले, ती 1874मध्येच विसर्जित झाली होती! पोटापाण्यासाठी केलेल्या या निवडीबद्दल मी त्या समाजाला दोष देत नाही. प्रश्न इतकाच, की बाप्तिस्मा घेताच खरी ओळख मिळत असेल, तर तीनशे वर्षे बाप्तिस्मा घेतलेल्या समाजाला ओळखीसाठी एका बुडीत परकीय कंपनीचे नाव का शोधावे लागले?

‘धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर’ हे सूत्र आपल्या परिचयाचे आहे. मरोळच्या गावठाणात उभे राहून मला त्याचा खरा अर्थ कळला. राष्ट्रांतर पाण्याने होत नाही. पूर्वजांची लाज वाटू लागली की ते होते. ज्याला आपल्या आज्याच्या बोलीची, आजीच्या लुगड्याची लाज वाटत नाही, तो कोणत्याही मंदिरात वा चर्चमध्ये गेला तरी आपलाच आहे. आणि ज्याला ती लाज वाटते, तो रोज गंधाचा टिळा लावत असला तरी मनाने परका झालेला आहे.

रमाबाई आणि टिळक

महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन मोठी धर्मांतरे हेच सांगतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यापूर्वी पाच वर्षे, 1878मध्ये, कलकत्त्याच्या विद्वत्सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. म्हणजे त्यांची विद्वत्ता आणि तेज ही चर्चची देणगी नव्हती. संस्कृत विद्येने आणि मुलीला शिकविण्याचे धैर्य दाखविणाऱ्या मातापित्यांनी ती दिली होती. बाप्तिस्म्यानंतर चर्चमधील वरिष्ठांनी निमूट आज्ञापालनाची अपेक्षा ठेवली, तेव्हा पुरोहितशाहीच्या एका जोखडातून नुकतीच सुटले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे खणखणीत उत्तर या बाईंनी दिले. त्या शाकाहारीच राहिल्या. ख्रिस्ती होऊनही त्यांना आपले स्वत्व राखण्यासाठी मिशनऱ्यांशीच झगडावे लागले.

कवी नारायण वामन टिळकांची कथाही तीच. 1895मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. परकीय चालीच्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, कीर्तन आणले. अखेर 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा ठेवली. आयुष्याची बावीस वर्षे मिशनबरोबर काढल्यावर या प्रामाणिक माणसाला हेच सांगावेसे वाटले, की श्रद्धेसाठी आपल्या माणसांतून उठून जाण्याची गरज नाही. पुढे व्हॅटिकनच्या 1962 ते 1965च्या परिषदेने उपासनेची दारे लोकभाषांना उघडली. जे टिळकांना उमगले होते, ते रोमला उमगण्यास अर्धे शतक लागले.

परंतु येथेही आरसा आपल्याकडे वळवावा लागतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी पदरात घेऊन विधवा झालेल्या रमाबाईंना देण्यासाठी त्या काळच्या आपल्या समाजापाशी केशवपन आणि अंधारी खोली याखेरीज काय होते?

बाबासाहेबांचा निवाडा

या प्रश्नावर सर्वांत अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस एकच झाला. 1935मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केल्यावर डॉ. आंबेडकरांनी एकवीस वर्षे विचार केला. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिले. चर्चमध्ये गेल्यानेही जात सुटत नाही, अन्यायाविरुद्ध लढण्याची जिद्द मात्र मंदावते, असे त्यांचे परखड निदान होते. त्यांना आत्मसन्मान हवा होता, आणि तो त्यांनी याच भूमीत धर्म सांगितलेल्या बुद्धापाशी शोधला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जे घडले, ते आपल्या समाजाविरुद्धचे आरोपपत्र होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आणि ते स्वदेशाशी नाळ न तोडता दिलेले उत्तर होते, हेही. मरोळपासून हाकेच्या अंतरावर, महाकाली लेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंडिविट्याच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आहे. जातीने नाकारलेल्यालाही सन्मान देणारी वाट या मातीतच कोरलेली होती. आपण तिच्यावर गवत वाढू दिले.

आता करावयाचे काय?

पत्रके वाटणाऱ्या त्या तरुणाला घटनेने प्रचाराचा अधिकार दिला आहे. त्याला अडविणे, दमदाटी करणे हा आपला मार्ग नव्हे; तसे करणारा आपल्याच पक्षाची बाजू दुबळी करतो. फसवणूक वा जबरदस्ती आढळली, तर कायदा आहे. पण जेथे ती नाही, तेथे आपला प्रतिस्पर्धी तो तरुण नाही, आपल्या फळीवरचा तो कप आहे.

त्या तरुणाला मात्र एक विचारावेसे वाटते. बाबा रे, दुःखी माणसाला तू अमूल्य म्हणतोस, हे उत्तम. मग त्याची आई, त्याचा आजा, त्याचा खंडोबा हे सारे कवडीमोल कसे? ज्याच्या शंभर पिढ्या फेकून देण्याजोग्या ठरविल्या, त्याला तू मोल दिलेस, की त्याचे उरलेसुरलेही काढून घेतलेस? आत्मसन्मान देणाऱ्याने लाज देऊ नये.

आणि आपल्याला विचारावयाचे ते याहून कठीण आहे. ‘तू अमूल्य आहेस’ हे आपल्या ऋषींनी प्रत्येक जीवाच्या ठायी ब्रह्म पाहून सांगितले, वारकऱ्यांनी वाळवंटात एकमेकांच्या पाया पडून सांगितले. ते वाक्य आपले होते. आपण ते ग्रंथात ठेवले आणि दुसऱ्याने ते पत्रकावर छापून रस्त्यात वाटले.

त्या बाई आता आमच्याकडे काम करीत नाहीत. मुलगा कमावता झाला. परवा दसऱ्याला सोने देण्यासाठी त्या आल्या. गळ्यात क्रूस होता, हातात आपट्याची पाने होती. पत्नीने त्यांना खुर्ची दिली आणि आम्ही तिघांनी सारख्या कपांतून चहा घेतला. त्यांनी देव्हाऱ्याविषयी काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मिळविण्यास अजून आठ वर्षे तरी लागतील.