चिरा गेला, खड्डा उरला

दिवाळीत वेळणेश्वरास आलेल्या पाहुण्याला पाणीटंचाईची गोष्ट सांगावी, तर तो ती हसण्यावारी नेईल. पाऊस नुकताच सरलेला, माडांखालच्या विहिरी भरलेल्या, टंचाई कसली? त्याने वैशाखात यावे. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ह्याला दैव म्हणायची आपली सवय आहे. मला ती मान्य नाही.

आपले पाणी साठते ते सड्यावर. जांभा सच्छिद्र, पाऊस तो पोटात घेतो, खालच्या चिकट शेडीवर पाणी अडते आणि उतारावर झऱ्यांनी पाझरत राहते. वाडीतल्या विहिरी ह्या पाझरावरच जगतात. आणि हाच जांभा आपण चिरे म्हणून कापून नेतो! बुकॅनन ह्या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली मलबारातल्या ह्या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. नाव देतानाच तो बांधकामाचा माल ठरला. पाण्याचे कोठार म्हणून त्याची ओळख कोणी करून दिली नाही.

घरे बांधू नयेत, असे मी म्हणत नाही. चिऱ्याच्या भिंतीचा गारवा सिमेंटला यायचा नाही. माझे भांडण आहे ते चिरा संपल्यावर सड्यासड्यांवर उघड्या टाकलेल्या चौकोनी खड्ड्यांशी. भिंती सरळ उभ्या, कुंपण नाही, पायरी नाही. पावसात भरले की गुरांना आणि पोरांना सापळा, उन्हाळ्यात कचऱ्याला सोय. खाणवाल्याचे उत्तर ठरलेले : ‘‘अहो, आयते तळे झाले की!’’ खाण शेडीपर्यंत उतरली, म्हणजे पाणी धरणारा थरच गेला. उरलेल्या डबक्यातले पाणी उन्हाने उडते. कोठाराच्या भिंती विकायच्या आणि मोकळ्या जागेला कोठार म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार!

दूरच्या योजनांची आशा कोणी दाखवू नये. कोयनेचे पाणी पोफळीस वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि इथून उत्तरेला दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते. ते मुंबईला नेण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. वाटेवरच्या वाड्यांची आठवण त्यांत कितपत असते, ते उघडच आहे.

खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणावे, ती चाऱ्याच्या योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी केंद्र सरकारला दिला. चिरा ‘गौण खनिज’, म्हणून चिरेखाणीने त्यातून अंग काढून घेऊ नये. वरची माती खाण सुरू होतानाच बाजूला रचून ठेवावी. काम संपताच चिऱ्यांचा चुरा तळाशी आणि माती वर घालावी, एका बाजूस उतार द्यावा, कडेला करवंद, आईन लावावे. परवाना देताना सरकार स्वामित्वधन घेते, तसे खड्डा बुजवण्याचे पैसेही आधीच घ्यावेत आणि सड्यावर गवत दिसेपर्यंत परत करू नयेत.

आणि सुट्टीपुरता बंगला बांधणाऱ्या मुंबईकरांनो, चिऱ्याचा भाव जरूर पाडून मागा. पण हा चिरा कुठल्या सड्यावरचा आणि तिथला खड्डा बुजवणार कोण, हेही त्याच बोलीत विचारा.