आज्ञापालनाची ढाल

२००४ सालच्या एप्रिलमध्ये बगदादजवळच्या अबू घ्रैब तुरुंगातील छायाचित्रे जगासमोर आली. विवस्त्र कैदी, त्यांच्या देहांचा रचलेला ढीग आणि शेजारी अंगठा उंचावून हसणारे अमेरिकन सैनिक! सद्दाम हुसेनच्या राजवटीत ज्या भिंतींआड छळ चाले, त्याच भिंतींआड मुक्तिदाते म्हणवणाऱ्यांनी तो पुन्हा आरंभिला होता.

‘मूठभर बेताल शिपायांचे हे कृत्य’ असा खुलासा करण्यात आला. आम्हांस तो मान्य नाही. कैद्याला विवस्त्र करणे, त्याला कुत्र्यांचे भय घालणे या रीतींना संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी डिसेंबर २००२ मध्ये ग्वांतानामोसाठी मंजुरी दिली होती. पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. तरी त्या रीती इराकपर्यंत झिरपल्या, असे अमेरिकी सिनेटच्या समितीने २००८ साली नमूद केले. मात्र लष्करी न्यायालयांत दोषी ठरलेले ११ जण खालच्या हुद्द्यांचे! आडातलेच पाणी गढूळ असताना एकट्या पोहऱ्याला दोष कसा द्यावा?

म्हणून पोहरा निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. ‘हुकूम होता’ ही सबब न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने स्वीकारली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली स्पष्ट बजावले की, अशा अपराधांत आंधळे आज्ञापालन कुणालाही दोषमुक्त करीत नाही. उलट, उघडपणे नकार देणाऱ्यांचे धैर्य परिषदेने गौरविले. हे धैर्य अशक्य नव्हते. त्याच तुरुंगातील जोसेफ डार्बी या शिपायाने जानेवारी २००४ मध्ये ती छायाचित्रे तपास अधिकाऱ्यांच्या हाती दिली. गणवेश तोच, युद्ध तेच. सदसद्विवेकबुद्धी मात्र जागी होती. या सचोटीपायी त्याला आपल्या गावी राहणे अशक्य झाले, ही लाज गावाची.

‘शत्रूने याहून वाईट केले’ असे आपल्याही घरांत सहज बोलले जाते. शत्रूचे पाप आपल्या पापाचे परिमार्जन कधीपासून करू लागले? क्रूसाच्या वाटेवरील दहाव्या स्थानापाशी आपण दरवर्षी गुडघे टेकतो. तेथे प्रभूची वस्त्रे उतरविणारेही हुकमाचे ताबेदार सैनिकच होते आणि हुकूम देणाऱ्या पिलाताने हात धुतले होते. आपली मुले सैन्यात, पोलिसांत जातात, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. त्यांना शिस्त शिकवाच. पण बांधलेल्या माणसावर हात उगारण्याचा हुकूम आला, तर ‘नाही’ म्हणण्यासही शिकवा. तो नकार म्हणजे बंडखोरी नव्हे, ते कर्तव्य आहे.