तमालेंमधली अंगठी
गॅरी सोटो यांचे 'टू मेनी तमालेज' (१९९३; चित्रे : एड मार्टिनेझ) हे पुस्तक 'मेक्सिकन-अमेरिकन नाताळाची ओळख' म्हणून मुलांच्या हाती देण्याला आमचा आक्षेप आहे. ओळख कसली? आईची हिऱ्याची अंगठी गुपचूप बोटात घालून मारिया मक्याचे पीठ मळते; नंतर ती तमालेंतच गेली या धास्तीने भावंडांकरवी चोवीसच्या चोवीस तमाले संपवते. अंगठी असते आईच्याच बोटात! घर रागावत नाही, नव्याने पीठ मळायला बसते. सणाची परंपरा इथे चुकीला सामावून घेते, आणि पुस्तकाचा जीव त्यातच आहे. पण 'तमाले म्हणजे काय' ही टीप दिली की पुस्तक शिकवून झाले, असे मानणारे (आमच्यातही आहेत) मारियाच्या पोटातल्या गोळ्याविषयी बोलतच नाहीत.