आगगाडीचे सुख कोणाचे?

आगगाडीच्या लांबच्या प्रवासात जे शिक्षण मिळते, ते पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. नाशिक रोडहून नागपूरकडे जाणाऱ्या साध्या डब्यात खानदेशचा शेतकरी, वऱ्हाडचा व्यापारी आणि लेकीच्या भेटीस निघालेली वृद्ध माता एकाच बाकावर बसतात. शिदोरी सुटते, भाकरी वाटली जाते, आणि भूगोलात पाठ केलेली मनमाड, चाळीसगाव, भुसावळ ही नावे खिडकीबाहेर प्रत्यक्ष दिसू लागतात.

हे सुख ओसरत चालले आहे, अशी तक्रार पालकवर्गाकडून वारंवार ऐकू येते. ती खरी आहे; परंतु तिचे कारण यंत्रात शोधणे व्यर्थ होय. गाड्यांचा वेग वाढला, वातानुकूलित डबेही वाढले. मात्र अनेक गाड्यांत त्यांच्यासाठी साधे शयनयान डबे कमी करण्यात आले. ज्यांस चढे भाडे परवडत नाही, त्यांची गर्दी उरलेल्या डब्यांत दाटते. जेथे पाय ठेवण्यास जागा नाही, तेथे शिदोरी कोठे सोडावी?

हा प्रश्न जुनाच आहे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालअपेष्टांवर महात्मा गांधींनी १९१७ साली लेख लिहिला होता. १९७४ साली तिसरा वर्ग नावाने गेला, पण लाकडी फळ्या राहिल्या. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी घालण्यास आरंभ केला. त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तीत सर्व उतारूंस एकच वर्ग होता. ती गाडी आजही आपल्या नाशिक रोडवरून जाते. वर्गभेद मात्र तीत पुन्हा आला आहे.

आमच्या मते रेल्वेची योग्यता तिच्या सर्वांत महाग डब्यावरून नव्हे, तर सर्वांत स्वस्त डब्यावरून ठरवावी. वातानुकूलित डबे रुग्णांस व वृद्धांस उपकारक आहेत. ते अवश्य असावेत. परंतु प्रत्येक लांबच्या गाडीत साधे डबे पुरेसे ठेवणे, हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी सुशिक्षितांनी आग्रह धरला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तोपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावी, अशी प्रभूची आज्ञा आहे. आगगाडीत तो शेजारी दाराशी गाठोडे घेऊन उभा असतो. त्याच्यासाठी थोडे सरकून बसावे.