वास आणि सहवास

असरची नमाज झाली की छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज, सिटी चौक, बुढीलेन भागातली हवा बदलू लागते. कढईतली भजी, तंदूरमधून निघणारे नान, खलियाचा मसाला, चिरलेले खरबूज आणि मधूनच अत्तराच्या टपरीवरून येणारी झुळूक. रोजेदाराच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंबही नसतो. नजर खाली वळवता येते, पण श्वास घेणे थांबवता येत नाही. रोज्याची खरी परीक्षा अनेकदा नाकाचीच असते.

याच रोज्याविषयी हदीसमध्ये प्रेषितांचे एक प्रसिद्ध वचन आहे. उपाशी रोजेदाराच्या तोंडाला येणारा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय असतो, असा त्याचा आशय. ज्या वासाने समोरचा माणूस दोन पावले मागे सरकेल, त्याची तुलना कस्तुरीशी! कारण त्या वासामागे दिवसभराचा संयम आहे. म्हणजे वास चांगला की वाईट, हे केवळ नाक ठरवत नाही, नातेही ठरवते.

साहित्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुरआनातील सूरह यूसुफमध्ये यूसुफचा सदरा घेऊन निघालेला काफिला अजून दूर असतो, तोच वृद्ध याकूब म्हणतात की मुलाचा गंध येतो आहे. भोवतालच्यांना तो म्हातारपणाचा भ्रम वाटतो. पुढे तोच सदरा चेहऱ्यावर ठेवताच त्यांची गेलेली दृष्टी परत येते. आपल्याच जिल्ह्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांच्या एका विरहिणीत नायिकेला आधी मंद परिमळ जाणवतो आणि त्यावरूनच कृष्ण आल्याचे ती ताडते. बाप असो वा विरहिणी, आपल्या माणसाची चाहूल दोघांनाही डोळ्यांआधी नाकाने लागते.

शेख सादींच्या १२५८ मधल्या ‘गुलिस्ताँ’च्या प्रस्तावनेत हमामखान्यातल्या सुगंधी मातीची गोष्ट आहे. तू कस्तुरी आहेस की अबीर, असे विचारल्यावर माती सांगते, मी साधी मातीच, फक्त काही काळ फुलाच्या सोबत राहिले. मराठीत हेच पाच शब्दांच्या आतल्या म्हणीत आहे : ‘फुलासंगे मातीस वास लागे’. ही म्हण बोलणाऱ्या घरातल्या आजीने फारसी वाचलेली नसते आणि सादींना मराठी येत नव्हती. तरी अनुभव एकच. ‘गुलाब’ हा शब्दसुद्धा फारसीतून आला. मुळात त्याचा अर्थ गुलाबपाणी. मराठीने तो फुलालाच दिला आणि तो परका आहे हे ती विसरूनही गेली.

पण याच मराठीत ‘नाक मुरडणे’ही आहे. भाड्याने घर शोधणाऱ्याला ‘आमच्याकडे वास चालत नाही’ असे ऐकावे लागते आणि पुढचे न बोलताच कळते. ज्याने कधी मांस खाल्ले नाही त्याला तो वास उग्र वाटणारच, यात दोष नाही. दोष आहे तो वासावरून माणसाची किंमत ठरवण्यात. हा आरसा मोहल्ल्यानेही आपल्यासमोर धरावा. अत्तर लावून नमाजला निघालेला माणूस गटार उपसणाऱ्याजवळून नाकाला रुमाल लावून जातो, तेव्हा ते कस्तुरीचे वचन त्याला आठवते का? घामाचा वास हाही कुणाच्या तरी कष्टाचा असतो.

मराठीत ‘वास’ म्हणजे गंध आणि ‘वास’ म्हणजे राहणेसुद्धा. या दोहोंची मुळे वेगळी असतील, पण घर नाकारताना ते नेमके एकमेकांना भिडतात. एका वासाचे निमित्त करून दुसरा वास नाकारला जातो. मग उरतो तो सहवासाचा तुटवडा. आधी वस्त्या वेगळ्या होतात, मग शाळा, मग बाजार. एकमेकांच्या स्वयंपाकघराचा वास ओळखीचा नसलेली पिढी एकमेकांविषयी काहीही ऐकले तरी विश्वास ठेवते. भाषणांमधली एकात्मता हा तुटवडा भरून काढू शकत नाही. त्यासाठी जिन्यात, गल्लीत, डब्यात एकमेकांचे वास मिसळावे लागतात.

ईदच्या सकाळी अजूनही अनेक घरांतून शिरखुर्म्याचा डबा शेजारी जातो. डबा रिकामा परत करू नये, ही दोन्ही घरांची रीत. कधी साखर, कधी दिवाळीपर्यंत राहिलाच तर चकली घालून तो परत येतो. कितीही धुतला तरी त्या डब्याला थोडासा शेजारच्या घराचा वास राहतोच. तो तसाच राहू द्यावा.